रफारकाका आणि ताईंचं रिकामं पान

आजच्या या घरगुती निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी बसलेले, आणि एरवी आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले आमचे मालक. आमच्या एका फोनवर ज्यांनी यायचं कबूल केलं त्या प्रमुख पाहुण्या, आपल्या छापखान्यातून निघालेल्या एका पुस्तकाच्या लेखिका, ज्यांना आम्ही सगळे टेलिफोनताई म्हणतो. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले, गळ्यातल्या हारापेक्षा खुर्चीच्या करकरण्याकडे जास्त लक्ष असलेले आजचे सत्कारमूर्ती. पहिल्या रांगेतून त्यांना मघापासून 'सरळ बसा, सरळ बसा' अशा खुणा करणाऱ्या काकू. मशीन विभाग, बांधणी विभाग, डिझाइन विभाग, आणि मागे दारापाशी उभे राहून चहा कुठवर आला याचा अंदाज घेणारे माझे सहकारी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी या छापखान्यात मुद्रितं तपासते. म्हणजे दुसऱ्याच्या लिहिण्यातल्या चुका शोधणं, त्यांना लाल गोल करणं आणि त्या माणसाला वाईट वाटेल अशा बेताने समासात प्रश्नचिन्ह काढणं, यावर माझं घर चालतं. अशा बाईला कौतुकाचं भाषण करायला उभं करणं ही मालकांची कल्पना. त्यामुळे पुढे जे काही होईल त्याची जबाबदारी अध्यक्षांची आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

आमच्या काकांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठेही वापरात नाही. सगळा छापखाना त्यांना रफारकाका म्हणतो. मालक त्यांच्याहून वयाने मोठे, पण तेही काकाच म्हणतात. आता जे पाहुणे आहेत त्यांना प्रश्न पडला असेल, हे कसलं नाव? तर सांगते.

काकांचं काम काय? डिझाइन विभागात पत्रिका, पुस्तकं, फलक तयार होतात. पडद्यावर सगळं देखणं दिसतं. मग त्याची पीडीएफ काढायची आणि ती खाली मशीनवर पाठवायची. सरळ गोष्ट वाटते ना? पण माणूस गाव बदलताना जसं एखादं गाठोडं मागे राहतं, तसं फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की फॉन्ट मागे राहतो. मग समोरचा संगणक काय करतो? हाताला लागेल तो फॉन्ट चढवतो आणि मोकळा होतो. वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरांचे तुकडे होतात, आणि काही ठिकाणी तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, जणू कुणी खिडक्यांचं दुकान काढलंय. हे सगळं छपाईआधी पकडायचं आणि दुरुस्त करायचं, हे काकांचं काम.

काका इथे आले तेव्हाची गोष्ट. एका दंतवैद्यांच्या नव्या दवाखान्याचा फलक होता. 'हार्दिक स्वागत'. वर पडद्यावर अगदी बरोबर. खाली मशीनवर फाइल उघडली तर 'हादिर्क'. रफार आपली जागा सोडून पुढच्या अक्षरावर. काकांनी जिन्यावरूनच ते पाहिलं आणि ओरडत सुटले, "रफार पळाला! थांबवा! थांबवा त्याला!" मशीनवाल्याने मशीन थांबवलं, ते ठीक. पण दारावरचा वॉचमन नवा होता. त्याने धाडकन फाटक लावून घेतलं आणि नेमका बाहेर पडत असलेल्या कुरियरवाल्याची कॉलर धरली. "रफार तूच का रे?" तो बिचारा म्हणतो, "नाही हो, मी पार्सल द्यायला आलोय." त्याला पाणी पाजून, समजूत घालून पाठवावं लागलं. त्या दिवसापासून काका झाले रफारकाका.

काका स्वभावाने गरीब बिरीब आहेत असा कुणाचा समज असेल तर तो काकूंनी दूर करावा. काका तापट. काकांना आपल्या कामाचा अभिमान, आणि तो खिशात न ठेवता छातीवर लावून फिरायची सवय. शेवटच्या क्षणी कुणी "काका, एकच शब्द बदलायचाय" म्हटलं, की ते चष्मा काढून त्या माणसाकडे असं बघत, की माणूसच आपला शब्द परत घेई. मीही घेतलाय. पुष्कळदा.

आणि फॉन्टच्या भानगडीवर काकांचा एक हुकमी उपाय होता. पीडीएफ काढायच्या आधी सगळ्या अक्षरांचं चित्र करून टाकायचं. आमच्याकडे त्याला 'कर्व्ह करणं' म्हणतात. एकदा अक्षराची अशी रेघांची आकृती झाली, की ते अक्षर उरतच नाही. मग फॉन्ट असो वा नसो, कुठल्याही संगणकावर जसंच्या तसं दिसतं. काका म्हणत, "चित्राला पाय नसतात. पळणार कुठे?" हा उपाय इतका चोख होता, की आम्हाला वाटायचं, आता या विषयात शिकण्यासारखं काही राहिलंच नाही.

आणि मग टेलिफोनताई आल्या.

ताई, तुम्ही शेजारी बसला आहात, कुठे चुकलं तर तिथल्या तिथे टोका. ही गोष्ट सांगू का, म्हणून मी ताईंना विचारलं आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावांनाही विचारलं. ताई म्हणाल्या, "सांगा." भाऊ म्हणाले, "सांगा, पण मला जरा बरा दाखवा." प्रयत्न करते.

ताईंना जन्मापासून दिसत नाही. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी केली. फोन आला की पहिला आवाज त्यांचा. हजारो माणसं त्यांना आवाजाने ओळखत, आणि त्या हजारो माणसांना. निवृत्त झाल्यावर त्यांनी या सगळ्या आवाजांच्या आठवणी सांगायला घेतल्या. त्या बोलत, रेकॉर्ड करत, आणि भाऊ ते ऐकून टाइप करत. भाऊ म्हणजे जुने टंकलेखक. बोटं अशी चालतात की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्यांना सवय जुन्या मराठी फॉन्टची, म्हणून पुस्तक त्याच फॉन्टमध्ये टाइप झालं आणि आमच्याकडे आलं.

पुस्तक काकांनी फार प्रेमाने मांडलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यांनी स्वतः रेखाटलेली एक छोटी नक्षी, टेलिफोनच्या वायरीची वेटोळी. मी मुद्रितं तपासली. काकांनी सगळी अक्षरं कर्व्ह केली, पीडीएफ काढली आणि शेवटच्या मंजुरीसाठी ताईंना पाठवून दिली. प्रकाशनाचं सभागृह ठरलेलं, निमंत्रणं गेलेली, कागद मशीनपाशी येऊन पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. मी उचलला. अतिशय नम्र, स्वच्छ आवाज. "तुम्ही पाठवलेली फाइल माझ्या संगणकाने उघडली. पण तो म्हणतो, रिकामं पान. पुढचंही रिकामं. शेवटपर्यंत रिकामंच आहे."

ताईंच्या संगणकात पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. हे मी काकांना सांगितलं, तर काकांना राग आला. "रिकामं? माझी फाइल?" त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "अहो ताई, फाइल अगदी व्यवस्थित आहे. समोर दिसतंय मला."

"तुम्हाला दिसत असेलच," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही अक्षरांचं चित्र केलंय का?"

"केलंय," काका म्हणाले.

"मग माझा संगणक काय वाचणार? चित्र आलं की तो तोंड मिटून घेतो."

काकांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. इतकी वर्षं ज्या उपायाने सगळं वाचवलं, त्याच उपायाने एका लेखिकेसाठी तिचं स्वतःचं पुस्तक कोरं करून टाकलं होतं.

तेवढ्यात मालक आले. अध्यक्ष महोदय, आता थोडा वेळ तुमच्याविषयी. मालकांनी विचारलं, "काका, ही फाइल छपाईला चालते ना?"

"चालते."

"अक्षर न् अक्षर जागेवर आहे?"

"आहे."

"आणि भावाने त्यांना सगळं वाचून दाखवलंय?"

"तसं ते म्हणतात."

"मग मशीन का थांबलंय?"

काकांनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, आता आपल्याला नवे मालक शोधावे लागणार. पण काका हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आपण कुठलंही पुस्तक लेखकाने स्वतः शेवटचं वाचून हो म्हटल्याशिवाय छापतो का?"

"नाही."

"मग यांचंच का छापायचं?"

"अहो, पण त्यांना..." मालकांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"त्या वाचतात. कानांनी वाचतात. आपली फाइल मुकी आहे, त्याला त्या काय करणार?"

मालकांनी कागदाच्या गठ्ठ्यावर एक थाप मारली. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. पण लवकर करा." आणि मशीनवर दुसरं काम लावायला सांगून निघून गेले. अध्यक्ष महोदय, त्या दिवशी तुम्ही चिडला होतात हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी तुम्ही 'छापा' म्हणाला नाहीत. त्याबद्दलचे आभार तेव्हा कुणी मानले नव्हते. आज मानून टाकते.

आता पुढचा उपाय सोपा वाटला. अक्षरांचं चित्र करायचं नाही, अक्षरं अक्षरंच ठेवायची, आणि पीडीएफ काढताना फॉन्ट तिच्या पोटात भरून द्यायचा. काकांनी तसं केलं. फाइल गेली. पुन्हा फोन. या वेळी ताई हसत होत्या. "आता संगणक बोलतोय खरा, पण काय बोलतोय ते तुम्हीच ऐका." त्यांनी फोन संगणकाजवळ धरला. एक सपाट, गंभीर आवाज आम्हाला ऐकू आला. "ई, तिरपी रेघ, डॉलर, कंस सुरू, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, डब्ल्यू." ताई म्हणाल्या, "माझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य आहे म्हणे हे."

डिझाइन विभागातली सगळी मंडळी हसून हसून टेबलावर आडवी झाली. काकासुद्धा. पण भानगड खरी होती. जुन्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी अक्षर असतं, पण आतून संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर नाहीतर डॉलर-टक्क्याची खूण असते. वरून आपण, आतून परका. डोळ्यांना ते फसवतं. कानांना फसवता येत नाही.

म्हणजे सगळं पुस्तक जुन्या फॉन्टमधून काढून युनिकोडमध्ये न्यायला हवं होतं, जिथे 'क' आतूनही 'क'च असतो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं, ते एका झटक्यात करतं. एका झटक्यात म्हणजे कसं? 'मार्ग'चा 'र्माग', 'वर्ष'चं 'र्वष', आणि 'कि' म्हणावं तर वेलांटी शेजारच्या घरी. ही सगळी पळापळ पुन्हा जागेवर आणायचं काम कुणाकडे? तुमच्यासमोर उभ्या असलेल्या या गरीब बाईकडे. सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या हट्टापायी माझे डोळे जाणार." काका म्हणाले, "गेले तर कानांनी वाचा. आता फाइल तयार होतेच आहे."

तरी संपलं नाही. नवा फॉन्ट जुन्यापेक्षा अंगाने भरलेला, त्यामुळे ओळी वाढल्या, पानं सरकली, आणि चित्रं आपापल्या मजकुरापासून दुरावली. काकांनी सगळी मांडणी पुन्हा बसवली. मग पीडीएफमध्ये जोडाक्षरं मोडायला लागली. पडद्यावर 'विद्यार्थी', पीडीएफमध्ये पाय मोडलेला 'द्' आणि लांब उभा 'या'. दोन दिवस काका त्या सॉफ्टवेअरच्या मेन्यूंमधून फिरत होते, हरवलेली किल्ली शोधावी तसे. शेवटी सापडलं. मजकुराच्या ओळी जुळवायची जी पद्धत आत ठरवून दिलेली होती, ती इंग्रजीसाठीची होती. आपल्या लिपीची पद्धत शेजारीच होती, फक्त कुणी निवडली नव्हती. काकांनी ती निवडली आणि सगळी जोडाक्षरं एकमेकांना अशी बिलगली, की काकांनी मला हाका मारून बोलावलं. काकांनी स्वतःहून हाक मारणं ही आमच्याकडे बातमी असते.

शेवटचा गुंता प्रकरणांच्या नावांचा. शोभेसाठी काकांनी त्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली होती. संगणक ते पहिलीतल्या मुलासारखं सुटं सुटं वाचायचा, "प, हि, ला. दि, व, स." काकांनी ती शोभा काढून टाकली. थोडं कुरकुरत.

आणि मग ताईंना काकांनी छापखान्यातच बोलावलं. म्हणाले, माझ्यासमोर ऐका, जिथे अडेल तिथे लगेच दुरुस्त करतो. एका दुपारी ताई आल्या, सोबत भाऊ. काकांनी आपली खुर्ची ताईंना दिली. ताईंनी संगणकाचा वेग असा काही वाढवला, की आम्हाला ती नुसती मधमाशांची गुणगुण वाटत होती. ताईंना मात्र सगळं कळत होतं. मान डोलवत होत्या, मधेच हसत होत्या. एकदा म्हणाल्या, "अहो, हे मी बरं सांगितलंय की!" काका कंबरेवर हात ठेवून मागे उभे. बारशाला पाळण्यापाशी बाप उभा राहतो, तसे.

'पहिला दिवस' हे प्रकरण सुरू झालं आणि ताईंनी एकदम हात वर केला. आवाज थांबवला. मागे नेला, पुन्हा ऐकला. पुन्हा मागे नेला.

"हे मोडलंय," त्या म्हणाल्या.

काका पुढे झेपावले. "कुठलं अक्षर? रफार आहे का?"

"अक्षर नाही मोडलं. अक्षरं सगळी बरोबर आहेत. हे वाक्य माझं नाही."

त्यांनी वेग कमी केला आणि आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. "बाबांनी मला आशीर्वाद दिला आणि मी आनंदाने कामाला निघाले."

भाऊ खिडकीकडे बघत होते.

"मी काय सांगितलं होतं?" ताईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. टेलिफोन बोर्डावरचा आवाज, तसाच स्वच्छ.

भाऊ म्हणाले, "ताई, मी ते जरा सौम्य केलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलं होतंस, बाबा मला पोहोचवायला आले नाहीत. आंधळ्या पोरीचं हसं बघायला मी येणार नाही, म्हणाले आणि आत गेले. मी काठी घेतली आणि एकटी निघाले."

"मग?"

"ताई, बाबा आता नाहीत. घरातली मुलं वाचतील. आपल्या पणजोबांना काय समजतील ती? आणि तू तर बाबांना कधीच माफ केलंस."

"केलं ना. पण कशाबद्दल केलं?" ताई म्हणाल्या. "तू लिहिलंयस तसे ते वागले असते, तर मी माफ कशाबद्दल केलं रे? आणि पुढच्या पानाचं काय करशील?"

पुढचं पान मला पाठ होतं, मी ते दोनदा तपासलं होतं. ताई कामाला लागल्यावर काही दिवसांनी दुपारच्या वेळी बोर्डावर एक फोन यायला लागला. ताई म्हणायच्या, "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" पलीकडून कुणी बोलायचं नाही. एक बारीक खोकला यायचा, आणि फोन बंद. तो खोकला ताईंनी ओळखला होता. घरी त्यांनी कधी विचारलं नाही, वडिलांनी कधी सांगितलं नाही. पण दुपारचा फोन मात्र पुष्कळ वर्षं येत राहिला. वाचताना मला तेव्हाही प्रश्न पडला होता. ज्याने आशीर्वाद देऊन पाठवलं, तो बाप असा चोरून फोन का करेल? समासात मी एक प्रश्नचिन्हही काढलं होतं. भाऊंनी ते खोडून परत पाठवलं होतं.

मालक दारात येऊन उभे राहिले होते. मग भाऊ म्हणाले, "ताई, नंबर मी फिरवून द्यायचो."

ताईंनी मान वळवली.

"माझी नवी नोकरी होती तेव्हा. आमच्या ऑफिसात फोन होता. जेवणाच्या सुट्टीत बाबा यायचे. फोनची चकती त्यांना नीट फिरवता यायची नाही, आकडे चुकायचे. मी नंबर फिरवायचो आणि रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचो. ते ऐकायचे, आणि ठेवून द्यायचे. मग म्हणायचे, 'आवाज ठणठणीत आहे.' मला बजावून ठेवलं होतं, ताईला सांगायचं नाही. मी ते माझ्या डोळ्यांनी बघत आलो. त्या माणसाबद्दल तुझं वाक्य माझ्या बोटांतून उतरेचना. खरं होतं, तरी उतरेना."

ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "'आवाज ठणठणीत आहे' म्हणायचे?"

"रोज," भाऊ म्हणाले.

ताईंनी टेबलावर चाचपून भावाचा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. मग काकांकडे वळल्या. "काका, एक वाक्य परत घालायचंय. आणि पुढच्या पानावर एक नवं वाढवायचंय. चालेल?"

काका आणि शेवटच्या क्षणी वाक्य! सगळा विभाग काकांच्या चष्म्याकडे बघायला लागला. एक ओळ वाढली की पुढची ओळ सरकते, तिच्यामागे पान सरकतं, आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. काकांनी चष्मा काढला नाही. भाऊंना म्हणाले, "बसा. तुम्हीच टाइप करा."

युनिकोडचा कळफलक भाऊंच्या हाताला नवा. ज्यांची बोटं पावसासारखी चालतात, ते एक एक कळ शोधत होते. ताई सांगत होत्या. "बाबा मला पोहोचवायला आले नाहीत." भाऊंनी ते टाइप केलं. पुढचंही केलं. मग पुढच्या पानावर ताईंनी नवं वाक्य सांगितलं. "नंबर माझा धाकटा भाऊ फिरवून देत असे, हे मला आज कळलं. माझा आवाज ऐकून बाबा म्हणत, ठणठणीत आहे."

टाइप करून झाल्यावर भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं. माझ्या लाल पेनाला तिथे काही काम नव्हतं.

प्रकरणाच्या शेवटी जागा कमी पडत होती. काका पुढे वाकले आणि तिथली आपली वायरीची नक्षी त्यांनी काढून टाकली. ओळ बसली. पीडीएफ पुन्हा काढली, ताईंनी ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, या वेळी सावकाश. मग पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं. आणि म्हणाल्या, "आता हे मी वाचलं. छापा."

प्रकाशनाच्या दिवशी ते पान भाऊंनी वाचलं. सगळंच्या सगळं, जुनं वाक्यसुद्धा. मध्ये एकदा त्यांचा आवाज अडला, तेव्हा पुढचं ताईंनी बसल्या जागेवरून, तोंडपाठ म्हटलं. त्यांच्या घरातली मुलं पुढच्याच रांगेत होती. समारंभ संपल्यावर त्यातली एक मुलगी भाऊंना विचारत होती, "म्हणजे पणजोबा बोलायचेच नाहीत? नुसते ऐकायचे?" आणि भाऊ तिला चकतीचा फोन कसा असायचा ते हवेत बोट फिरवून दाखवत होते.

काका त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, "काय काका, खूश?" म्हणाले, "दुसऱ्या प्रकरणात एका ठिकाणी दोन शब्दांमध्ये जागा जास्त पडलीय." त्यांच्या तोंडून याहून मोठं समाधान मी ऐकलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या छापखान्यातून जी पीडीएफ वाचकाकडे जाते, ती ऐकताही येते. मशीनवर जाणारी वेगळी, माणसांकडे जाणारी वेगळी. हे काम काकांनी डिझाइन विभागातल्या प्रत्येकाला शिकवलं, ओरडून शिकवलं, आणि चुकलं तर पुन्हा ओरडून. आता ओरडणारं माणूस घरी बसणार. काकू, आम्ही तुमच्याविषयी मनापासून काळजीत आहोत. घरातले डबे, बरण्या, औषधांच्या बाटल्या, ज्याच्यावर म्हणून काही छापलेलं आहे, ते आठवडाभर त्यांच्या नजरेआड ठेवा. परवाच म्हणाले, औषधाच्या खोक्यावरचा फॉन्ट बघून डोकं दुखायला लागलं, आणि गोळी घ्यायला तेच खोकं उघडावं लागलं.

काका, तुमच्याशी भांडण्यात माझा फार चांगला काळ गेला. आता माझ्या प्रश्नचिन्हांना इतक्या जोरात उत्तर देणारं कुणी नाही, याचं मला वाईट वाटतंय, आणि हे वाक्य मी सौम्य करणार नाही.

मला इतका वेळ बोलू देणाऱ्या अध्यक्षांचे, आपल्या घरातली गोष्ट आम्हाला सांगू देणाऱ्या ताई आणि भाऊंचे, ज्यांनी काकांना रोज सकाळी आमच्या स्वाधीन केलं त्या काकूंचे, आणि चहा थंड होत असतानाही जागेवर बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर तो दोष माझा. मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या चुका काढायची संधी रोज येत नाही. आज सगळ्यांनी मोकळ्या मनाने त्या काढा, आणि मोठ्या मनाने माफ करा. नमस्कार.